दोघांमधून एक वजा

पत्ता बदलला त्याच्या अकराव्या दिवशी लीलाधर फेगडे यांना क्रेडिट कार्डाच्या ऑफर यायच्या थांबल्या.

आधी त्यांच्या लक्षातही आलं नाही. नको असलेली गोष्ट थांबली, तर ती थांबल्याचं कळायला वेळ लागतो. रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन वाजायचा. एक गोड बाईचा आवाज, जो कुठल्याच बाईचा नव्हता, म्हणायचा, "लीलाधरजी, तुमच्यासाठी कार्ड तयार आहे. मर्यादा सहा लाख, मुदत नऊ वर्षं." लीलाधर म्हणायचे, "नको." आवाज म्हणायचा, "काही हरकत नाही, उद्या बोलू." आणि उद्या खरंच बोलायचा. सहा वर्षं हा पाठ चालला होता. त्यांनी एकही कार्ड घेतलं नव्हतं.

"आज तुमच्या बाईचा फोन नाही आला," चहा गाळता गाळता कुंदा म्हणाली.

"कालही नाही आला."

"रुसली असेल. सहा वर्षं नकार ऐकतेय बिचारी."

लीलाधर हसले. नवरा-बायकोच्या संसाराला चौतीस वर्षं झाली होती आणि कुंदाचं तोंड अजून तिखट होतं.

लीलाधर बासष्ट वर्षांचे. सगळी नोकरी भुसावळच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर मास्तर म्हणून झाली. पुढे सिग्नल आपले आपण पडायला-उठायला लागले, लहान स्टेशनांना मास्तर लागेनासा झाला, आणि लीलाधर निवृत्त झाले. लोक मात्र अजून मास्तरच म्हणत. बावीस वर्षं ते गोकुळ नावाच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहिले. तिथे लिफ्ट नव्हती. या मार्चमध्ये कुंदाने हट्ट धरला की आता लिफ्टवालं घर बघायचं. गुडघे बोलतात म्हणाली. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला, तापीकाठ नावाच्या नव्या इमारतीत त्यांनी घर घेतलं. सामानाचा ट्रक रिकामा व्हायच्या आधी लीलाधरांनी नव्या पत्त्याची नोंद करून टाकली होती.

नोंद करायचा नियम होताच. पाणी माणशी मोजून मिळायला लागल्यापासून कोण कुठे राहतं हे सात दिवसांच्या आत कळवावं लागे. दहा दिवसांपेक्षा जास्त कुठे राहायला गेलं तर तिथली तात्पुरती नोंद. लोक कुरकुरत, टाळत, आठवण आल्यावर करत. लीलाधरांना टाळणं जमत नसे. गाडी आली, लिही. गाडी गेली, लिही. ज्या गाडीची नोंद नाही ती गाडी नाही असं समजून मागून दुसरी सोडली जाते, आणि मग माणसं मरतात. हे ते पोरवयात शिकले होते आणि ते हातात मुरलं होतं.

चार दिवसांनी गोकुळमधून बेंडाळेंचा फोन आला. बेंडाळे म्हणजे खालच्या मजल्यावरचे जुने शेजारी, गप्पिष्ट माणूस.

"मास्तर, आमच्या बिल्डिंगवर तुमची काही करणी होती काय हो?"

"का, काय झालं?"

"तुम्ही गेलात आणि सगळ्यांच्या मुदती वाढल्या. माझं कार्ड पाच वर्षांचं यायचं, आता सात वर्षांचं येतंय. वरच्या इंगळ्यांच्या म्हातारीला ऐंशीव्या वर्षी ऑफर आली. ती विचारतेय, हे खायचं की गुडघ्याला लावायचं."

"योगायोग असेल."

"योगायोगच. गच्चीवर मीटिंग झाली, तुमच्या नावाने टाळ्या वाजल्या, तेवढं कळवायला फोन केला."

बेंडाळे आपल्याच बोलण्यावर हसले. मग हसता हसता थांबले.

"तब्येत बरी आहे ना, मास्तर?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," लीलाधर म्हणाले.

त्या काळात मुदतीला फार किंमत आली होती. कार्ड कुणी घेवो न घेवो, त्यावर किती वर्षांची मुदत देतात हे सगळे विचारत. बँका काही वेड्या नव्हत्या. जो माणूस चार वर्षं टिकेल असं वाटे त्याला नऊ वर्षांचं कार्ड त्या देत नसत. त्यामुळे मुलगी बघायला गेलेले लोक पत्रिकेच्या आधी घरातल्यांच्या मुदती विचारत. भाड्याने खोली देणारा विचारे, दुकानात भागीदार घेणारा विचारे. ज्या घराला ऑफरच येत नाही, त्या घराचं नाव काढताना लोक आवाज खाली करत.

आठवडा गेला आणि तापीकाठचे सेक्रेटरी वाणी घरी आले. येताना शेवेची पुडी घेऊन आले. चहा झाला, उन्हाळ्यावर बोलणं झालं. मग ते म्हणाले, "मास्तर, मी कुणाचं नाव घेत नाही. पण आपल्या सव्वीस बिऱ्हाडांची मुदत दोन-दोन वर्षांनी उतरलीय. महिन्याभरात."

"असं?"

"नवीन बिऱ्हाड एकच आलं ना." वाणींनी बशीतली शेव निवडल्यासारखी केली. "घरात कुणाचं काही दुखणं-बिखणं? म्हणजे सोसायटी म्हणून आम्हाला मदत करता येईल, या हिशेबाने विचारतो."

"माझे गुडघे दुखतात," स्वयंपाकघराच्या दारातून कुंदा म्हणाली. "सोसायटी दाबून देणार असेल तर सांगा."

वाणी हसत उठले. शेवेची पुडी अर्धीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी लीलाधर पत्ता केंद्रात गेले. तिथे नसीम तडवी नावाची बाई बसे. तिचा बाप लीलाधरांच्या हाताखाली स्टेशनवर खलाशी होता. ती लहानपणी स्टेशनच्या बाकावर अभ्यास करायची, म्हणून ती त्यांना काका म्हणे. तिने दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं नीट सांगितलं.

साथीच्या वर्षांनंतर प्रत्येक इमारतीच्या, खेड्यात प्रत्येक गल्लीच्या, सांडपाण्याच्या नळाला एक खोका बसवला गेला होता. चपलांच्या जोडाचा असतो एवढाच. माणूस जे खातो, जी औषधं घेतो, त्याच्या अंगात जे बिघडतं, त्याचे बारीक अंश मूत्रातून, मैल्यातून बाहेर पडतात. मूत्रपिंड थकलं की एक प्रकारची प्रथिनं झिरपतात. साखरेच्या गोळीचा चोथा पडतो. गाठीवरच्या औषधाचा तर फार वेगळा, ओळखू येणारा. खोका दर तासाला पाणी चाखतो आणि कळवतो. गावात साथ यायच्या आधी आठ दिवस कळतं, ही त्याची खरी कामगिरी, आणि त्याने हजारो माणसं वाचवली, हेही खरं.

कायदा करताना एक काळजी घेतली होती. एका माणसाचं पाणी तपासायचं नाही. इमारतीचं चालेल. सत्तर-ऐंशी माणसांचं पाणी एकत्र वाहतं, त्यात कुणाचं काय, कुणाला कळणार? म्हणून इमारतीची माहिती विकायला मुभा मिळाली. जलवेध नावाची कंपनी ती विकत होती आणि बँका घेत होत्या.

"मग आमचं कसं कळलं?" लीलाधरांनी विचारलं.

"काका, केळीचा ट्रक वजनकाट्यावर चढतो. एकेक घड कुणी तोलत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"त्यातले दोन घड उतरवले आणि ट्रक परत काट्यावर घेतला तर?"

लीलाधर म्हणाले, "उतरवलेल्या दोन घडांचं वजन कळेल."

"तेच दोन घड दुसऱ्या ट्रकात चढवले, आणि तोही तोलला, तर खात्रीच. माणूस एका जागी राहतो तोवर गर्दीत लपलेला असतो. पत्ता बदलला की उघडा पडतो. पत्ता बदलल्याची तारीख तर तुम्हीच लिहून दिली. तासाच्या आत."

"आम्ही दोघं होतो. दोन घड. त्यातला कुठला?"

"ते नाही सांगता येत. दोघं एकदमच उतरलात. एकजण वेगळा उतरला तरच कळेल."

"आजार कुठला?"

नसीमने समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांच्या नावापुढे खाली तोंड केलेला एक बाण होता, बाकी काही नव्हतं. "मला एवढंच दिसतं. बँकेलाही एवढंच दिसतं. आजाराचं नाव कुणालाच नको असतं, काका. किती दिवस, एवढंच हवं असतं."

लीलाधर घरी आले आणि कुंदाला म्हणाले, "मीच असणार."

तसं मानायला कारण होतं. पन्नाशीपर्यंत बिड्या ओढल्या. डिझेलचा धूर तीस वर्षं खाल्ला. बाप छातीच्या दुखण्याने गेला. त्यांना भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपासण्या सुरू केल्या. रक्त दिलं, लघवी दिली, छातीचा फोटो झाला, पोटावर थंड मलम लावून यंत्र फिरवून झालं. प्रत्येक वेळी कुंदा बरोबर आली. बाहेरच्या बाकावर त्यांचा सदरा मांडीवर घडी करून बसली.

"तूही करून घे एकदा," लीलाधर म्हणाले.

"दोघं एकदम आजारी निघालो तर भाकरी कोण थापेल? आधी तुमचं निघू द्या."

काहीच निघालं नाही. साखर थोडी वर होती. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही अजून वीस वर्षं लोकांना त्रास द्याल."

रिक्षातून घरी येताना लीलाधरांना हायसं वाटायला हवं होतं. दोन घडांतला एक तोलून झाला होता. उरलेलं गणित दुसरीतल्या पोरालाही आलं असतं. पण त्यांनी ते केलं नाही. ते रस्त्याकडे बघत राहिले. शेजारी बसलेल्या बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "मशीन चुकलंय," आणि जेवायला बसले. कुंदा म्हणाली, "मशीनच ते. काहीही सांगतं." त्या दिवसापासून या विषयावर घरात बोलणं झालं नाही. चहा झाला, पेपर झाला, संध्याकाळी फिरणं झालं. फोन वाजला नाही.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात लेकीबाळी अखाजीला माहेरी जातात. सासुरवाशीण कितीही म्हातारी होवो, नातवंडांची आजी होवो, अखाजीला ती लेक असते. झाडाला झोके बांधतात, मातीची गवराई, म्हणजे गौर, बसवतात, गाणी म्हणतात, आणि काम सांगणारं वर कुणी नसतं. कुंदाचं माहेर रावेरकडच्या चिंचखेड्याचं. तिथे तिचा धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याची बायको प्रमिला राहत; सुधाकर केळीचा व्यापार करत होता. चौतीस वर्षांत कुंदाची एक अखाजी चुकली नव्हती. या वेळी ती म्हणाली, पंधरा दिवस राहीन.

बॅग भरताना तिने सांगितलं, "आणि ते नोंदीचं काही करू नका."

"दहा दिवसांच्या वर झालं की लागते."

"माहेरी कुणी नोंद करून जातं का? माझ्या चौतीस अखाज्या कुठल्या रजिस्टरात आहेत, दाखवा."

लीलाधरांनी तिला बसमध्ये बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. बस वळणाआड गेली. तिथेच उभं राहून त्यांनी फोन काढला आणि नोंद केली. कुंदा लीलाधर फेगडे, तात्पुरता पत्ता, चिंचखेडे, पंधरा दिवस. केल्यावर त्यांना बरं वाटलं. गाडी सुटली होती आणि वहीत होती.

सहाव्या दिवशी सकाळी ते एकटेच चहा घेत होते. फोन वाजला.

"लीलाधरजी, नमस्कार. तुमच्यासाठी कार्ड तयार आहे. मर्यादा सात लाख, मुदत नऊ वर्षं."

त्यांनी उत्तर दिलं नाही. आवाज थांबला. मग म्हणाला, "आपण आहात ना?"

"आहे," लीलाधर म्हणाले.

"कार्ड पाठवू का?"

"नको."

"काही हरकत नाही, उद्या बोलू."

चहावर साय धरली. ती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला. कप विसळून पालथा घातला. खाली उतरले तर लिफ्टपाशी वाणी भेटले. वाणींनी दोन्ही हात जोडून, अगदी तोंडभर हसून नमस्कार केला, आणि वहिनी माहेरी पोचल्या का, असं विचारलं. "पोचल्या," लीलाधर म्हणाले.

ते अजून लिफ्टपाशीच होते तेव्हा सुधाकरचा फोन आला.

"दाजी, एक विचारायचं होतं. राग मानू नका."

"बोल."

"आमच्या गल्लीत चौदा घरं. सगळ्यांच्या ऑफरी परवापासून बंद. दोघा व्यापाऱ्यांची कार्डं नवी व्हायची होती, ती अडली. लोक शोधायला लागले की गल्लीत नवीन कोण आलंय." सुधाकर अडखळला. "ताईला बरं नाही का?"

"तिच्या कानावर गेलंय?"

"अजून नाही. प्रमिलाने तिला जड काम करू देणं बंद केलंय, तेवढंच. पण उद्या अखाजी. बाया काही ना काही बोलणार. गल्लीतले आबा तर म्हणतात, विचारून टाका सरळ."

"मी निघतोय," लीलाधर म्हणाले. "तोवर कुणी काही विचारू नका."

बस केळीच्या बागांमधून चालली होती. दोन्ही बाजूंना घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. लीलाधर खिडकीशी बसले होते आणि त्यांना काही वाटत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल जड आणि परका होतो, बोट लावलं तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. फक्त एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. ती म्हणाली होती, नोंद करू नका. आपण केली. ती जिथे लेक म्हणून गेली होती, तिथे आपण तिच्या मागून बाण पाठवला.

फोन काढून त्यांनी कुंदाची नोंद उघडली आणि मागे घेतली. पडद्याने विचारलं, व्यक्ती मूळ पत्त्यावर परतली आहे का? ती परतली नव्हती. ती चिंचखेड्यात गवराईसाठी माती कालवत बसली असेल. अख्ख्या नोकरीत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं. वर कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं, "गाडी वेळेआधी आली." मग ते खोडून "प्रवास रद्द" असं लिहिलं.

सुधाकरच्या ओसरीवर तिघं-चौघं बसलेच होते. मध्ये आबा, गल्लीतले वडीलधारे, पंचाहत्तरीचे. लीलाधरांनी पाणी घेतलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कुणी विचारायच्या आधीच सुरुवात केली.

"तुमच्या मुदती माझ्यामुळे बुडाल्या. माफी मागायला आलो."

"तुमच्यामुळे कशा, मास्तर?" आबा म्हणाले. "नोंद तर कुंदीची आहे."

"आमचं घर एक. दोघांचा बाण एकच. आजारी मी आहे. ती इकडे आली तर माझाच बाण तिच्या पदराला धरून इकडे आला. मशीनला माणूस दिसत नाही, घर दिसतं."

सुधाकर त्यांच्याकडे बघत राहिला. हे खोटं होतं, पण तसं अवघड नव्हतं. मशीन मूर्ख आहे हे कुणालाही लगेच पटतं.

"काय झालंय तुम्हाला?" एकाने विचारलं.

"आतलं आहे. तपासण्या चालल्यात. दोन महिने झाले." यातलं निम्मं तर खरंच होतं. "तिची नोंद मी मागे घेतली. आठवड्यात तुमचं पहिल्यासारखं होईल."

"मग आता तुम्ही स्वतः कशाला आलात?" आबा म्हणाले. "अजून दोन वर्षं उतरवायची आहेत काय आमची?"

"आबा," सुधाकर म्हणाला.

"गंमत केली रे. बसा, मास्तर. सावलीला सरका जरा."

बातमी ओसरीवरून स्वयंपाकघरात जायला पाणी उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. प्रमिला डोळ्याला पदर लावून बाहेर आली आणि तिने लीलाधरांच्या पाठीमागे उशी ठेवली. तिच्या मागून कुंदा आली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

"उन्हातून कशाला आलात?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, दगदग नको."

मग ती म्हणाली, हात धुते, जरा पाणी घाला. दोघं मागच्या दारी हौदापाशी गेले. लीलाधर तांब्याने पाणी घालू लागले. माती ओघळून कुंदाची बोटं हळूहळू दिसायला लागली. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. हे त्यांना आधी दिसलं नव्हतं, की दिसलं होतं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"कधी कळलं?" कुंदाने विचारलं.

"सकाळी. कार्डाची ऑफर आली."

"किती वर्षांची?"

"नऊ."

"चांगलं आहे." तिने बोटांच्या पेरांतली माती काढली. "मला दिवाळीपासून माहीत आहे. गोळ्या डाळीच्या डब्यात असतात. तुम्ही आयुष्यात डाळीचा डबा उघडला नाही."

"बोलली नाहीस."

"सांगणार होते. अखाजी झाल्यावर." ती बराच वेळ हात धूत राहिली. "आईचं आठवतं ना? तिला कळलं त्या वर्षी तिला झोक्यावर बसू दिलं नाही कुणी. खुर्ची दिली. बाया गाणी म्हणत होत्या आणि तिला विचारत होत्या, त्रास होत नाही ना आवाजाचा. ती त्या दिवशीच गेली म्हणा. पुढचे आठ महिने नुसते काढले. मला एक अखाजी पाहिजे होती. बाकी काही नाही."

"नोंद मी केली," लीलाधर म्हणाले. "तू नको म्हणाली होतीस."

"माहीत आहे. यम आला तरी तुम्ही त्याला आधी सही करायला लावाल." तिने हात पदराला पुसले. "माझ्या दुखण्यापायी तुम्ही तपासण्या करत फिरलात, मी बाहेर बसून होते. वाईट वाटत होतं. पण बरंही वाटत होतं. कुणीतरी माझी काळजी करतंय, असं वाटायचं. तुमचा सदरा धरून."

तांब्या रिकामा झाला होता. लीलाधरांनी तो हौदात बुडवून परत भरला आणि तसाच धरून उभे राहिले.

"लोकांना काय सांगितलंत?"

"आजारी मी आहे."

"पुढे मी गेल्यावर काय सांगाल?"

"तेव्हाचं तेव्हा."

कुंदाने त्यांच्या हातातला तांब्या घेतला, हौदाच्या कठड्यावर ठेवला. "मग नीट आजारी रहा," ती म्हणाली. "उद्या पुरणपोळ्यांवर ताव मारू नका. प्रमिला हुशार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर पुरुषांची पंगत बसली. खापरावरच्या पोळ्या, हात रुंद, पदर सुटलेल्या, त्यावर तूप. वाट्यांतून आमरस. कुरडया, भजी. लीलाधरांना भिंतीशी, उशीला टेकून, वेगळा पाट मांडला होता. आबांनी आपल्याशेजारची जागा त्यांच्यासाठी सोडली, पण जरा जास्तच सोडली. प्रमिलाने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यात मऊ खिचडी होती, वर थोडं ताक.

कुंदा रस वाढत आली. नवी साडी, हिरवी, काठाला पिवळा. केसांत मोगरा. ती ओळीने वाढत आली, सुधाकरच्या वाटीत जास्त घातला, त्याने नको नको म्हटलं, तिने अजून घातला. लीलाधरांपाशी आल्यावर ती न थांबता पुढे गेली.

"ताई, दाजींना थोडा तरी," कुणीतरी म्हणालं.

"त्यांना नको. त्यांना पथ्य आहे," कुंदा म्हणाली. जाता जाता तिने त्यांच्या ताटात चुकून पडलेली एक कुरडई उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

परसातून बायांनी हाका मारल्या. झोका मोकळा झाला होता. कुणीतरी म्हणालं, कुंदीला आधी, ती पाहुणी आहे. कुंदाने रसाचं भांडं प्रमिलाच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि गेली. भिंतीआडून गाणं सुरू झालं. मग दोराचा फांदीवर घासायचा आवाज यायला लागला, आधी हळू, मग लांब लांब. बाया हसत होत्या. कुणीतरी ओरडलं, म्हातारे, जपून, आणि त्यावर कुंदाने काहीतरी उत्तर दिलं. ते ओसरीवर नीट ऐकू आलं नाही, पण तिकडे सगळ्या पुन्हा हसल्या.

बसल्या जागेवरून लीलाधरांना झोका दिसत नव्हता. उठून बघावंसं त्यांना वाटलं. पण आजारी माणूस जेवणावरून असा उठत नाही. प्रमिला त्यांच्यासमोर उभी होती, हातात पळी घेऊन, डोळे भरलेले.

"थोडी अजून घ्या, दाजी. अंगात ताकद यायला हवी."

लीलाधरांनी ताट पुढे केलं. खिचडीत मीठ कमी होतं. त्यांनी ती सगळी संपवली.